रूबीच्या शेजारची जागा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अफझलगंजात एका रंगाच्या दुकानात उभी होते, आणि लहान मुलांच्या मुठीत मावतील असे कुंचे दुकानदार मला कागदात बांधून देत होता. कुंचे वहिनींनीच आणायला सांगितले होते. दर वर्षी ईस्टरच्या आधी त्यांना ते लागत, आणि असे बारीक दांड्याचे, केस न झडणारे कुंचे सिकंदराबादेत मिळतच नाहीत असा त्यांचा ठाम समज होता. माझं ऑफिस नामपल्लीला, म्हणून हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे. फोनवर दादाचं नाव दिसलं. माझा भाऊ स्वतःहून फोन करणारा माणूस नाही. तो म्हणाला, "सुनू, ये." काय झालं, मी विचारलं. मग म्हणाला, "सरोज उठंना." दुपारी जेवून, जरा पडते म्हणून त्या आडव्या झाल्या होत्या... चहा झाला म्हणून दादानं हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग जाऊन हात लावला. मी रिक्षात बसले. कोठी गेलं, आणि कुंच्यांचं पुडकं मी मांडीवर असं धरून बसले होते की जणू ते वेळेत पोचवायचं होतं.

आम्ही कोण, हे आधी सांगते, कारण हैदराबादेत मराठी ख्रिस्ती माणसं आहेत हे ऐकून पुण्यामुंबईचे लोक भुवया उंचावतात. आमचे आजोबा जालन्याकडून रेल्वेच्या कामावर सिकंदराबादला आले. दादाही रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. आमची मराठी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं, अगदी लहान. स्वतःचं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) नाही. तेलुगू मंडळीच्या देवळात त्यांची सकाळची उपासना संपून पायऱ्यांवरच्या चपला हलल्या की दुपारी आमची उपासना सुरू होते. आमची लेकरं चार भाषा बोलतात आणि मराठी सोडून सगळ्या वाचतात. मी या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते, इथंही सांगितलं. पण ते सांगताना वहिनींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. वडिलांनी माझ्यासाठी एक मुलगा बघून ठेवला होता, नांदेडकडचा. जेवताना त्याचा विषय निघाला. नवी सून भाकरी वाढत होती, तिनं बोलावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "मामा, सुनूताई शिकल्या तर माझ्या लेकरांचा अभ्यास घ्यायला घरात कुणीतरी होईल. मला एकटीला नाही जमायचं." वडील हसले. म्हणाले, लेकरं आहेत कुठं अजून? तर ही म्हणते, "येतील की. तोवर यांचं बी.कॉम. होईल." बोलणं असं होतं की रागवायलाही जागा नाही. मुलाचा विषय त्या रात्रीपुरता मागं पडला आणि मग पडलाच. वहिनी स्वतः जवळच्या शाळेत केजीच्या मुलांना शिकवू लागल्या. रिटायर होईपर्यंत त्यांनी दुसरा वर्ग मागितला नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना रूबी झाली. मला पदवी मिळाली तेव्हा ती नुकती धरून उभी राहायला लागली होती. नामपल्लीच्या स्टुडिओत माझा काळ्या गाऊनमधला फोटो काढायचा होता, पण टोपी रूबीनं ओढली ती सोडेना. शेवटी फोटोग्राफरच कंटाळून म्हणाला, बच्ची कू पहनाव. त्यामुळं माझ्या पदवीच्या फोटोत मी उघड्या डोक्यानं आहे आणि टोपी रूबीच्या नाकापर्यंत उतरलीय. तिचे केस फार दाट होते. दर रविवारी उपासनेला निघण्याआधी वहिनी तिला दोन पायांच्या मधे बसवून खोबरेल तेल चोपडायच्या, दोन वेण्या घालायच्या, आणि रूबी सबंध वेळ ओरडायची. गल्लीतल्या लोकांना आज रविवार आहे हे रूबीच्या ओरडण्यावरून कळायचं.

चार वर्षांची असताना ती तापानं गेली. डोक्यात चढला ताप. दोनतीन दिवसांत सगळं संपलं. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. पण मातीच्या वेळी एक गोष्ट घडली ती लिहायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. लहानशी पेटी खाली उतरत होती. आमच्या एका लांबच्या नातेवाईक बाईंनी, चांगल्याच मनानं, दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देवाला फुलं आवडतात बाबा. चांगलं फूल तो आधी तोडतो." दादानं तो हात बाजूला केला. मूठभर माती टाकली नाही, काही नाही. मागं वळला आणि चालत फाटकाच्या बाहेर गेला. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो त्या दफनभूमीत गेला नाही. आईच्या वेळी नाही, वडिलांच्या वेळी नाही. देवावर त्यानं दावा मांडला होता असं मला वाटत नाही. रविवारी उपासनेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा. पण स्वर्गाचं गायन (आमच्यात गीताला गायन म्हणतात) सुरू झालं की उठायचा आणि बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभा राहायचा. गायन संपलं की परत आत. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बदलून नवे आले की जुने त्यांना सांगून जात असावेत, कारण कुणीही कधी त्याला विचारलं नाही.

वहिनींनी मात्र उलटी वाट धरली. रविवारी लेकरांची शब्बाथशाळा भरते, तिच्यातला सगळ्यात लहान वर्ग, ज्यांचे पाय अजून बाकावरून खाली टेकत नाहीत अशांचा, तो त्यांनी मागून घेतला. आणि त्या वर्गात त्या स्वर्गाबद्दल बोलायला लागल्या. त्यांचे काही नियम होते. केजीची मिस होत्या, लहान डोक्यात कुठला शब्द कसा जाऊन बसतो हे त्यांना कळायचं. मेलेल्या माणसाला "झोपला" म्हणायचं नाही, कारण मग लेकरं झोपायला भितात. "देवानं बोलावून घेतलं" म्हणायचं नाही, कारण मग लेकरू विचार करतं की मी शहाण्यासारखं वागलो तर मलाही बोलावतील. "तारा झाली" हे तर अजिबात नाही. आणि फुलाचं वाक्य कुणी त्यांच्या वर्गात बोललं असतं तर त्यांनी त्या माणसाला उठवून बाहेर काढलं असतं. त्या सांगायच्या ते असं : "रूबी माझी मुलगी. ती मेली. तिला आपण मातीत ठेवलं. ती प्रभू येशूजवळ आहे. एक दिवस प्रभू हाक मारील आणि ती उठेल, तिच्या हातापायांसकट. मग मी तिला भेटेन." बस. एवढंच. पाच-सहा वाक्यं, दर वर्षी तीच, आणि आवाज असा की उद्या दूधवाला येणार आहे हे सांगताहेत.

नंतर प्रश्नांना मोकळीक. मी कधी कधी मदतीला जाऊन मागं बसायची, तेव्हा हे प्रश्न ऐकलेत. तिथं बिर्याणी असते का. तिथं कुत्रे येतात का. एकदा एका पोरानं, ज्याला वहिनींनी तासभर मराठी बाराखडीवर बसवलं होतं, अगदी काळजीनं विचारलं, "टीचर, वहाँ भी मराठी पढना पडता क्या?"

"नाही रे राजा. तिथं प्रभू तुला तुझ्याच बोलीत हाक मारील."

"हैदराबादी में?"

"हौ."

पोरगं निश्चिंत झालं. बाकीच्यांनाही स्वर्ग जरा जवळचा वाटू लागला असावा.

ईस्टरच्या पहाटे इथले ख्रिस्ती दफनभूमीत जमतात. आधीच्या आठवड्यात कबरी धुवायच्या, चुना लावायचा, नावांवर काळा रंग फिरवायचा, मग पहाटे मेणबत्त्या, फुलं, गायनं. तेलुगू लोक त्याला समाधुल पंडुग म्हणतात, म्हणजे समाधींचा सण. वहिनींनी ठरवलं की आपला वर्ग आदल्या शनिवारी भर उन्हात तिथं न्यायचा आणि रूबीची कबर लेकरांनी रंगवायची. मंडळीत कुरबूर झाली. एवढ्याशा लेकरांना तिथं नेतात का कुणी? वहिनी म्हणाल्या, पहाटे तुम्ही त्यांना कडेवर घेऊन अंधारात नेताच की. मी उजेडात नेते, त्यांना जागा बघू द्या, कुंचा हातात द्या. ज्या जागी काम केलंय त्या जागेची भीती वाटत नाही. पहिल्या वर्षी तीन लेकरं आली. नंतर सगळा वर्ग येऊ लागला, मग त्या लेकरांची लेकरं.

आणि चुना कोण करायचं, तर दादा. हे मला फार उशिरा लक्षात आलं. तो येत नव्हता, पण शुक्रवारी संध्याकाळी मागच्या अंगणात लोखंडी बादलीत कळीचा चुना तो विरवायचा. फसफसून थंड झाला की जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर मीठ, थोडा डिंक आणि नीळ घालायचा. निळीचा अंदाज फक्त त्याला. जास्त झाली तर भिंत आजारी दिसते म्हणायचा. शनिवारी सकाळी बादली दाराशी तयार. वहिनी ती घेऊन रिक्षात बसायच्या आणि तो दार लावून घ्यायचा. चुन्यानं हात सोलतात, म्हणून लेकरांच्या हाताला आधी खोबरेल तेल लावणं हे वहिनींचं काम. फाटकाशी सगळ्यांना ओळीनं उभं करायच्या, "हात" म्हणायच्या, आणि एकेकाच्या तळव्यावर, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत तेल चोळायच्या. घरी परतल्यावर आया म्हणायच्या, आज लेकराला सरोजटीचरचा वास येतोय.

एका वर्षी घोटाळा झाला. वहिनी पाणी आणायला नळावर गेल्या होत्या, मी फुलं विकत घ्यायला फाटकाशी. परत येऊन बघतो तर लेकरांनी रूबीची कबर अशी काही रंगवली होती की कुठं एक रेघ उरली नव्हती. नावही गेलं. मराठी अक्षरं आमच्या लेकरांना वाचता येत नाहीत, त्यांना वाटलं काळे डाग पडलेत. मोठ्या मेहनतीनं तीनतीन हात मारले होते. ती अक्षरं दादानं स्वतः घरी बसून पाटीवर कोरली होती, मातीच्या आदल्या दिवशी. लेकरं आमची तोंडं बघून रडायच्या बेतात आली. वहिनींनी बादली खाली ठेवली, कबरीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "छान झालंय. तिचं नाव प्रभूच्या पुस्तकात जिथं लिहिलंय तिथं तुमचा चुना पोचत नाही." मग लेकरं हसली.

घरी दादाला सांगावंच लागलं. तो चहा तसाच ठेवून उठला. मला वाटलं, संपलं, पुढच्या वर्षीपासून चुनाही बंद. पण महिन्याभरानं त्यानं कारखान्यातून एक पत्र्याचा तुकडा आणला. रेल्वेच्या डब्यांवर नंबर टाकायला पत्र्यात आकडे कापलेले असतात, वरून कुंचा फिरवला की खाली आकडा उमटतो, तसा. त्यात त्यानं रूबीचं नाव कापलं होतं. वहिनींच्या हातात देऊन म्हणाला, "लेकरांना काय रंगवायचं ते रंगवू दे. वाळल्यावर हे ठेवून काळा मार." तेव्हापासून दर शनिवारी बादलीबरोबर तो पत्राही जायचा. दादा मात्र दारातच.

दोन वर्षांपूर्वी माझी नात एमी त्या वर्गात आली. एमीचे आईबाप हायटेक सिटीत कामाला, सुटीच्या दिवशी ती माझ्याकडे. त्या शनिवारी रूबीच्या कबरीशी बसून एका मुलानं विचारलं, रूबी अजून चारच वर्षांची आहे का मोठी झाली? वहिनी म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी अजून गेले नाही. गेल्यावर बघीन." मग तो म्हणाला, "पण टीचर, तुमचे केस तर व्हाइट झाले. ती तुम्हाला कशी ओळखणार?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना वर्गासमोर अडलेलं पाहिलं. तेवढ्यात एमीनं आपले दोन्ही तळहात नाकाशी नेले आणि म्हणाली, "ऑइलच्या वासानं."

वहिनी एकदम वळल्या आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. बराच वेळ शोधत होत्या. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "हौ गं माय. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

आमची शेवटची भेट त्या जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. माझ्या बाल्कनीत बसून आम्ही लसूण सोलत होतो. उन्हं तापायला लागली होती, खाली टरबुजाच्या गाड्या आल्या होत्या. कुंचे आणायची आठवण करून दिली, आणि मग म्हणाल्या, "सुनू, पाळकसाहेब म्हणतात तिथं आराम आहे. मला आराम नको गं. मला तिची वेणी घालायचीय." मी बी.कॉम. झाले, बढत्या घेतल्या, ऑफिसात माझ्या शब्दाला वजन आहे. पण त्या वाक्यापुढं मी नुसती लसणीची सालं गोळा करत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच पुढं म्हटलं, "माझी मला काळजी नाही. मला तुझ्या दादाची काळजी आहे. ते येतील शेवटी, पण दाराशीच उभे राहतील. मी आतून हाका मारीन आणि ते म्हणतील, मी इथं बरा आहे. रूबी विचारील, पप्पा कुठं? काय सांगू तिला... बाहेर स्कूटरजवळ?" बोलता बोलता त्यांना हसू आलं, मलाही आलं. पण हसून झाल्यावर त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली आणि समोर रस्त्याकडं बघत राहिल्या. "एकदा आत आले असते ना," म्हणाल्या, "एकदाच. मग मी सुटले असते."

वहिनींना रूबीच्या शेजारी ठेवलं. ती जागा त्यांनी रूबी गेली तेव्हापासूनच राखून ठेवली होती. दादा शववाहिकेतून आला, फाटकापर्यंत आला. तिथं उजव्या हातानं फाटकाची सळई धरली आणि उभा राहिला. माझा मुलगा त्याला आणायला गेला तर त्यानं नुसती मान हलवली. त्याच्या वतीनं माती मुलानं टाकली. मी पेटीकडं कमी आणि फाटकाकडं जास्त बघत होते. दुरून त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त सळईवरची मूठ दिसत होती. वहिनी ज्याला भीत होत्या ते तिथं माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं.

त्या दिवशी घरी येऊन एमीनं मला विचारलं, टीचर कुठं गेली. तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मी वहिनींची वाक्यं शब्दाला शब्द म्हटली : टीचर मेली. तिला आपण मातीत ठेवलं. ती प्रभू येशूजवळ आहे. एक दिवस प्रभू हाक मारील आणि ती उठेल, हातापायांसकट. उद्या दूधवाला येणार आहे तसा आवाज मला काही जमला नाही. एमी ऐकत होती. मग म्हणाली, "रूबीला भेटली असेल ना आता?" मी म्हटलं, असेल. म्हणताना मला कळलं की मी ते पोरीची समजूत घालायला म्हणत नाहीये. ते व्हावं असं मला स्वतःलाच वाटत होतं.

वर्ग पाळकसाहेबांनी माझ्याकडं दिला. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार आला तरी चुन्याचं दादाला विचारायचं मला धैर्य होईना. शनिवारी सकाळी एमीला घेऊन त्याच्या दाराशी गेले. बादली बाहेर होती. पांढराशुभ्र चुना, त्यात नीळ नेमकी तेवढीच. बादलीशेजारी दोन पत्रे होते. एक जुना, रूबीचा. दुसरा नवा, कडा अजून चकचकीत. तो मी उचलून पाहिला नाही, गरज नव्हती. दादा चपला घालून उभा होता. म्हणाला, "बादली तुला उचलायची नाही. फाटकापर्यंत सोडतो." मी बरं म्हटलं.

फाटकाशी लेकरं जमली होती. दादानं बादली खाली ठेवली आणि सळईला हात लावून उभा राहिला, त्याच जागी. मी पिशवीतून तेलाची बाटली काढली, पण एमीनं ती माझ्या हातातून घेतली. वर्गात आता ती मोठी, तिला वाटलं हे काम तिचं. तिनं लेकरांना ओळीनं उभं केलं, "हात" म्हणाली, थेट वहिनींच्या सुरात, आणि एकेकाच्या तळव्यावर तेल ओतत गेली. ओळीच्या शेवटी दादा होता. एमी त्याच्यासमोर थांबली.

"मोठे आजोबा, तुम्ही आत येणार नाही?"

"मी इथं बरा आहे, बेटा. तुम्ही जा."

एमीनं जरा विचार केला. तिला त्याला पटवायचं वगैरे काही नव्हतं, तिला खरोखरच अडचण दिसत होती. म्हणाली, "पण टीचरला तर रूबी ऑइलच्या वासानं ओळखणार. तुम्हाला कशी ओळखणार मग?"

रागावतो की काय हिच्यावर, असं वाटून मी एमीचा खांदा धरला. दादा तिच्याकडं बघत होता. रस्त्यावरून एक बस गेली. मग त्यानं सळई सोडली, दोन्ही हात पुढं केले, फिटरचे हात, भेगाळलेले, आणि तळवे वर केले.

"ओत," म्हणाला.

एमीनं जरा जास्तच ओतलं. दादानं ते सावकाश चोळलं, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. कुणीतरी शिकवल्यासारखं. मग बादली उचलली आणि आत चालू लागला. लेकरं त्याच्या मागून, मी सगळ्यांच्या मागं. रस्ता मी दाखवला नाही. तो रूबीच्या कबरीशी जाऊन थांबला. एवढंच म्हणाला, "केवढीशी आहे गं." वहिनींच्या बाजूला अजून नुसता मातीचा उंचवटा आहे, माती बसल्याशिवाय सिमेंट करता येत नाही. कडेनं विटा मांडल्या होत्या, त्या लेकरांनी रंगवल्या. लाकडी क्रूसावरचं नाव दादानं पत्रा ठेवून स्वतः टाकलं. रंग अक्षराच्या बाहेर गेला नाही. आणि शेजारी लेकरं रूबीची कबर रंगवत होती, नावासकट, आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.

ईस्टर होऊन आता काही आठवडे झालेत. तेलाची बाटली त्या दिवशी दादाच्या शर्टाच्या खिशातून घरी गेली ती परत आली नाही. त्याच्या बेसिनच्या वर, दाढीच्या सामानाजवळ उभी आहे. दादाच्या डोक्यावर तेल लावायला एक केस उरलेला नाही. मी बाटलीकडं बघते आणि विचारत नाही. गेल्या रविवारी उपासनेत स्वर्गाचं गायन लागलं. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही, पण शेवटच्या बाकाचा तो ओळखीचा आवाज, माणूस उठताना करकरतो तो, आला नाही. उपासना संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांशी हात मिळवून सलाम म्हणतात. दादा दाराशी उभा होता, आतल्या बाजूला. मी हात पुढं केला. त्याचा हात मऊ लागला, जरा निसटता. "सलाम," तो म्हणाला. मीही म्हटलं. रिक्षात बसल्यावर एमीनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, नाकाशी नेला, आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.